पाणी काढणारे आणि पाणी घालणारे

मंडळी, आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेल्या माणसांनी पापड-कुरडयांवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. वाटू द्या. साठवणीच्या अन्नातून घरच्यांचं जेवण कसं उभं राहतं, याचा इतिहास आपण पाहणार आहोत. वाळवलेलं अन्न, डबाबंद अन्न, आणि अलीकडे ज्याला फ्रीज-ड्राय म्हणतात ते गोठवून सुकवलेलं अन्न. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत हल्ली पिठल्याची, उपम्याची पाकिटं असतात. त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात सूचना असते की गरम पाणी घाला आणि थोडा वेळ झाकून ठेवा. ती सूचना म्हणजेच आमचा आजचा विषय, असं समजा.

कारण असं आहे. अन्न नासतं ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे. बुरशी काय, जिवाणू काय, त्यांना जगायला पाणी लागतं. ज्वारी-गहू पोत्यात टिकायचे तर ओलावा साधारण बारा-तेरा टक्क्यांच्या आत आणावा लागतो. गोठवून सुकवलेल्या पदार्थात तो दोन-तीन टक्क्यांवर येतो. म्हणजे साठवणीचा अर्धा भाग पाणी काढण्याचा. पण तेवढ्याने कोणाचं पोट भरत नाही. कधीतरी, कोणीतरी, ते पाणी परत घालायचं असतं, चूल पेटवायची असते, आणि समोर बसलेल्यांना ते जेवण वाटलं पाहिजे. पहिल्या अर्ध्या भागाचा इतिहास आपल्याला नावानिशी सापडतो. त्यात पेटंटं आहेत, बक्षिसं आहेत, सैन्यं आहेत. दुसऱ्या भागात नावं फार थोडी. आमचं म्हणणं एवढंच आहे की साठवणीच्या योजना जिथे फसल्या तिथे बऱ्याचदा या दुसऱ्या भागात फसल्या, आणि ते आता उदाहरणांनी पाहू.

सुरुवात दक्षिण अमेरिकेतून करू या, कारण गोठवून सुकवण्याची सगळ्यात जुनी घरगुती रीत तिथली आहे. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, तितिकाका सरोवराच्या आसपास, चार हजार मीटरच्या घरात उंचीचं एक पठार आहे. जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा. रात्री पाणी गोठतं आणि दिवसा कडक, कोरडं ऊन पडतं. तिथले आयमारा आणि केचुआ शेतकरी लहान बटाटे मोकळ्या जमिनीवर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, सकाळी उन्हाने मऊ पडतात. असं काही रात्री झालं की घरची माणसं, बायका-पुरुष सगळे, अनवाणी पायांनी ते बटाटे तुडवतात. पाणी पिळून निघतं, साल सुटते. मग उन्हात पूर्ण वाळवायचे. बटाट्याचा काळा, हलका, दगडासारखा खडा होतो. याला चुन्यो म्हणतात. दुसरा एक प्रकार पांढरा असतो, त्याला तुंता म्हणतात. त्यासाठी गोठलेले बटाटे कित्येक दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि मगच वाळवतात.

वाहत्या पाण्यात कशासाठी? तर या पठारावर दंवाला टिकणारे जे बटाटे येतात ते कडू असतात आणि त्यांत विषारी द्रव्य बरंच असतं. तसेच उकडून खाल्ले तर बाधतात. गोठवणं, तुडवणं, पाण्यात ठेवणं यांमुळे तो कडवटपणा निघून जातो. म्हणजे ही नुसती टिकवण्याची युक्ती नव्हती. जे खाता येत नव्हतं ते खाण्याजोगं करण्याची युक्ती होती. आणि चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो.

आता दुसरा भाग. चुन्यो रात्रभर भिजत घालतात, चोळून धुतात, पाणी बदलतात, मग उकडतात किंवा वाफवतात. अंडं, चीज, कांदा घालून त्याची परतलेली भाजी होते. ला पाझ शहरात चाइरो नावाचं दाट सूप आजही केलं जातं, त्यात चुन्यो हवाच. आदल्या रात्री आठवणीने भिजत घालणं, हे आपल्याकडच्या मटकी-हरभऱ्यासारखंच. उद्या काय शिजणार हे आज झोपण्यापूर्वी ठरलेलं असायला लागतं.

या चुन्योवर, मक्यावर आणि सुकवलेल्या मांसावर इंका राज्य उभं होतं. डोंगरउतारावर, वारा लागेल अशा जागी, ओळीने दगडी कोठारं बांधलेली असत. त्यांना कोल्का म्हणत. हुआनुको पाम्पा या ठाण्याजवळ अशी पाचशेच्या आसपास कोठारं होती. आजच्या बोलिव्हियातल्या कोतापाची इथे सुमारे चोवीसशे. हिशोब गाठी मारलेल्या दोऱ्यांवर, ज्याला किपू म्हणतात. १५३२ नंतर स्पॅनिश लोक आले, राज्य कोसळलं, पण कोठारं काही एकदम रिकामी झाली नाहीत. १५४७च्या सुमारास स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी ला गास्का बंडखोरांवर चालून निघाला तेव्हा त्याची फौज हाउहाच्या खोऱ्यात काही आठवडे राहिली, आणि तिथल्या कोठारांवर जेवली. राज्य जाऊन पंधरा वर्षं होत आली होती.

याच चुन्योचं पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. १५४५ मध्ये पोतोसीला चांदीचा डोंगर सापडला. तिथे शेती जवळजवळ नाही. खाणीत उतरणारे हजारो स्थानिक मजूर चुन्योवर जगायचे. सिएझा दे लिओन नावाचा स्पॅनिश इतिहासकार होता, त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १५५३ मध्ये छापला गेला. त्यात त्याने नोंदवलं आहे की केवळ चुन्यो पोतोसीच्या खाणींवर नेऊन विकल्याने कित्येक स्पॅनिश माणसं श्रीमंत होऊन मायदेशी परतली. बघा, तुडवणारे पाय तेच, भिजवणारे हात तेच, खाणारी तोंडंही तीच. मधल्या मध्ये माल हलवणारा श्रीमंत झाला. साठवलेलं अन्न हलकं असतं, टिकतं, म्हणून दूर नेता येतं, आणि म्हणूनच त्याचा व्यापार करता येतो. ओल्या बटाट्यावर हे जमलं नसतं.

युरोपात आलं की कथा सैन्याची होते. फ्रान्सच्या निकोला आपेरने अन्न बाटलीत घालून, बूच मारून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची पद्धत बसवली. १८१० मध्ये सरकारने त्याला बारा हजार फ्रँक दिले आणि त्याने पुस्तक छापलं. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. १८१३ पासून डबे ब्रिटिश आरमाराकडे जायला लागले. आता गंमत ऐका. या डब्यांवर सूचना असे की झाकण छिन्नी-हातोड्याने कापावं. डबे उघडण्याचं खास हत्यार यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरचं पेटंट १८५८चं आहे. बंद करण्याच्या विद्येला बक्षीस मिळालं होतं, आणि उघडायचा कसा हा प्रश्न ज्याच्या हातात डबा पडेल त्याच्यावर सोडून दिला होता. आम्हाला या एका तपशिलात सगळा विषय दिसतो.

आता गोठवून सुकवण्याचं आधुनिक रूप. शास्त्र थोडक्यात सांगतो. बर्फाचं पाणी होऊन मग वाफ होते हे आपण नेहमी पाहतो. पण हवेचा दाब अगदी कमी केला, पाऱ्याच्या साडेचार मिलिमीटरच्याही खाली नेला, तर बर्फाची थेट वाफ होते, मधली पाण्याची अवस्था येतच नाही. पॅरिसमध्ये दार्सोंव्हाल आणि बोर्दा यांनी १९०६ मध्ये हे प्रयोगशाळेत करून दाखवलं. १९३०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्ल फ्लॉसडॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी रक्तद्रव असा सुकवला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी हा सुकवलेला प्लाझ्मा फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

उन्हात वाळवताना आणि या रीतीने सुकवताना फरक काय पडतो, ते स्वयंपाकाच्या दृष्टीने समजून घ्यायला हवं. उन्हात गवारीची शेंग आकसते, वरून कडक होते, मग तिला भिजायला तासन्‌तास लागतात. गोठवलेल्या मटारात मात्र बर्फ जिथे होता तिथे पोकळी राहते. दाणा आकसत नाही, स्पंजासारखा होतो. पाणी घातलं की दहा-पंधरा मिनिटांत शोषून घेतो. पण त्याच पोकळ्यांतून हवाही आत शिरते आणि स्निग्धांश खवट होतो. म्हणून हे पदार्थ हवाबंदच ठेवावे लागतात, पाकिटात प्राणवायू शोषणारी पुडी टाकावी लागते. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, या सुकवण्याने जंतू मरतात असं नाही, ते नुसते निपचित पडतात. कच्चं मांस सुकवलेलं असेल तर भिजवल्यावर ते कच्चंच असतं, पूर्ण शिजवावं लागतं.

तर त्या प्लाझ्माच्या पेटीत अमेरिकी लष्कराने दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीत सुकवलेला प्लाझ्मा, दुसरीत तो विरघळवायला शुद्ध पाणी, सोबत नळी आणि सुई. रणांगणावर शुद्ध पाणी कुठून येणार, हा विचार ज्याने केला त्याला आमचा नमस्कार. अन्नाच्या बाबतीत हा विचार इतक्या काळजीने क्वचितच झाला.

क्वचित म्हणजे एकदा तरी झाला, तो त्याच युद्धात, ब्रिटनमध्ये. तिथे ताज्या अंड्यांचं रेशन माणशी आठवड्याला एक, तेही मिळालं तर. १९४२ मध्ये अमेरिकेतून अंड्याची भुकटी यायला लागली. (ही गरम हवेत फवारून सुकवलेली, गोठवलेली नव्हे, तत्त्व मात्र पाणी काढण्याचंच.) एका पाकिटात बारा अंड्यांची भुकटी, साधारण चार आठवड्यांना एक पाकीट. प्रमाण ठरलेलं. सपाट चमचाभर भुकटीला दोन चमचे पाणी म्हणजे एक अंडं. चमचा अर्थात मोठा.

ब्रिटिश अन्न मंत्रालयाने नुसती पाकिटं वाटली नाहीत. लॉर्ड वूल्टन तेव्हा मंत्री. पत्रकं छापली गेली, सभागृहांत आणि बाजारांत प्रात्यक्षिकं झाली, बीबीसीवर रोज सकाळी 'किचन फ्रंट' नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागायचा. मार्गरिट पॅटन यांच्यासारख्या सल्लागार बायका गावोगाव फिरून दाखवायच्या की भुकटी आधी कालवून ठेवा, गुठळ्या होऊ देऊ नका, केकमध्ये घालायची तर कोरडीच पिठात मिसळा. बायकांनी नाकं मुरडली. हे काय अंडं आहे?

इथे आमच्यातला मास्तर जागा होतो, क्षमा करा. न्याय-वैशेषिकांचा एक जुना वाद आहे. कच्चं मडकं भट्टीत लाल होतं, तो पाक म्हणजे बदल नेमका कुठे होतो? वैशेषिक म्हणतात, मडकं आतून अणूअणूने सुटतं, अणू बदलतात आणि नवं मडकं जुळून येतं. नैयायिक म्हणतात, मडकं अख्खं तेच राहतं आणि तसंच्या तसं बदलतं. भुकटीत पाणी घातल्यावर मिळतं ते तेच अंडं की नवं अंडं? या प्रश्नावर लंडनच्या गृहिणी आणि मंत्रालय यांच्यात चार वर्षं वाद चालू होता, फक्त त्यांना गौतम-कणाद ठाऊक नव्हते. पण निकाल काय लागला बघा. फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने डॉलर वाचवण्यासाठी भुकटीची आयात थांबवली, आणि ज्या बायकांनी नाकं मुरडली होती त्यांनीच देशभर आरडाओरडा केला. सरकारला माघार घ्यावी लागली. चार वर्षांत त्या पदार्थाला त्यांच्या हाताची सवय झाली होती.

हे सांगताना याच काळातलं बंगाल विसरून चालणार नाही. १९४३ मध्ये तिथल्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. त्यांचंही राज्य लंडनहूनच चालत होतं. तिथे पत्रकं आणि प्रात्यक्षिकं गेली नाहीत, आणि धान्यही वेळेवर गेलं नाही.

आता आपल्या घराकडे वळू, कारण आपल्याकडे या सगळ्याची एक वेगळी, फार जुनी मांडणी आहे. कोकणात आगोटीची बेगमी करतात. पावसाळा सुरू झाला की होड्या किनाऱ्याला, रस्ते बंद, ऊन नाही. म्हणून मे संपायच्या आत सुके बोंबील, जवळा, सोडे, आमसुलं, फणसपोळी, मिरची-मसाला सगळं डब्यांत भरलेलं हवं. देशावर सांडगे, पापड, कुरडया, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. खानदेशात ज्वारीचे बिबडे. सोलापूर-मंगळवेढ्याकडे ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खोदलेल्या खोल खड्ड्यात. पेव बंद केलं की आतला प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबायचं. घाई करणारी माणसं गुदमरून गेल्याचे प्रकार घडलेले आहेत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५च्या पुराने त्यांतली बरीच निकामी केली.

कुरडईचं एकच उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात चीक घालून घोटायचा. हे घोटणं एकटीचं काम नव्हे, म्हणून शेजारणी यायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पाडायच्या, उन्हं चढायच्या आत. मुलांचं काम गच्चीवर बसून कावळे हाकलायचं. आम्हीही ते केलं आहे, आणि राखणदाराने निम्मा ओला चीक स्वतःच खायचा हा त्या नोकरीतला पगार होता.

या चार दिवसांच्या कष्टाचं फळ आषाढात मिळतं. बाहेर झड लागलेली आहे, भाजी आणायला कोणी गेलेलं नाही, तेव्हा कुरडई गरम पाण्यात मऊ करून कांद्याच्या फोडणीवर परतली की पंधरा मिनिटांत भाजी. सांडगे तेलावर परतून पाणी घातलं की आमटी. सोडे कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवले की खिचडीत घालायला तयार. म्हणजे काम कमी झालेलं नसतं. ते वैशाखात उरकून ठेवलेलं असतं. आणि जी काढते तीच घालते, म्हणून प्रमाण, वेळ, चव यांची पत्रकं छापावी लागत नाहीत. हेही खरं की या बेगमीचे गोडवे गाणाऱ्यांत पुरुष जास्त असतात आणि पहाटे चीक घोटणाऱ्यांत ते कधी दिसले नाहीत. वाळवणं विकत आणायला लागल्यावर संस्कृती बुडाली असं म्हणणाऱ्यांनी आधी एकदा दहा किलो गव्हाचा चीक घोटून पाहावा.

आपल्या साठवणीतला आणखी एक पदार्थ आहे, त्याच्याकडे आपण फारसं आदराने पाहत नाही. पोहे. भात भिजवून, भाजून, कांडून केलेले. म्हणजे शिजवण्याचा बराचसा भाग आधीच झालेला. वजनाला हलके, महिनोन्‌महिने टिकणारे, आणि थंड पाण्याने मऊ होणारे. दडपे पोहे तर कांदा, ओलं खोबरं आणि नारळाच्या पाण्याच्या ओलाव्यावरच होतात, चुलीशी संबंध फोडणीपुरता. सुदामा द्वारकेला जाताना पोहेच घेऊन गेला होता, भाकरी नव्हे. लांबच्या वाटेवरचं अन्न म्हणून ती निवड अचूक होती. चुरमुरे, लाह्या, सातूचं पीठ यांचीही जात तीच. सातूचं पीठ गूळ आणि पाणी किंवा दूध घालून कालवलं की जेवण झालं. सरपण नको, भांडं एक पुरे.

सरपणाचा मुद्दा आला, आता १९७२ कडे येऊ. महाराष्ट्रातल्या त्या दुष्काळाची आठवण आमच्या पिढीला आहे. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली, लाखो माणसं खडी फोडायला, नालाबांधाच्या कामावर गेली. रोजगार हमीची सुरुवात त्याच वर्षीची. त्या कामांवर सुकडी वाटली जायची आणि रेशनवर मिलो यायचा. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिने माणसं जगवली, हे आधी मान्य करू. पण त्या काळातल्या बायकांना विचारा. पीठ थापताना साथ देत नसे, भाकरी तांबूस व्हायची, चव आपली वाटायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी थापलेल्या हातांसमोर ज्वारीच आली होती, पण अनोळखी. तिच्यासोबत कोणी मार्गरिट पॅटन आली नाही. किती पाणी, किती गरम, दुसऱ्या कशात मिसळायची, हे ज्या त्या बाईने दिवसभर खडी फोडून आल्यावर आपलं आपण शोधायचं. 'मिलो' हा शब्द मराठवाड्यात पुढे कित्येक वर्षं हिणवण्यासाठी वापरला गेला. त्या तुलनेत सुकडीबद्दल लोक जरा मायेने बोलतात. आमच्या मते कारण सरळ आहे, सुकडी शिजवावी लागत नव्हती.

हाच प्रकार पुरात दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पाणी शिरलं तेव्हा राज्यभरातून माणसांनी मन मोठं करून शिधा पाठवला. तांदूळ, पीठ, डाळ. पण ज्या घरात गॅस बुडाला आहे, नळाला गढूळ पाणी आहे, तिथे पहिल्या आठवड्यात पाच किलो तांदळाचं करायचं काय? तिथे उपयोगी पडतो चिवडा, भडंग, बिस्किटं, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या. शिधा लागतो तो पाणी ओसरल्यावर. कोरडं अन्न आपल्याला सांगत नाही की मला तुझ्या घरचं पाणी आणि तुझ्या घरची आग लागेल; आणि संकटात नेमक्या त्याच दोन गोष्टी आधी जातात.

आपल्याकडे या विषयाचा शास्त्रीय विचार झाला तो मुख्यतः मैसुरूला. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था तिथे १९५० मध्ये सुरू झाली, आणि संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ मध्ये. हिमालयातल्या ठाण्यांवर ताजं अन्न पोचत नाही आणि उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. म्हणून आधी शिजवून मग सुकवायचं, वर फक्त गरम पाणी घालायचं, हा मार्ग. म्हणजे पुन्हा पोह्यांचाच न्याय. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठीचे भारतीय पदार्थ याच प्रयोगशाळेतून गेले. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला गेले तेव्हा सोबत गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस होता. आमरस अंतराळात पोचला, याचा इकडे कोणाला किती आनंद झाला ते सांगायला नको.

अंतराळातला एक छोटा प्रसंग सांगतो. अमेरिकेच्या जेमिनी यानांत सुकवलेल्या अन्नात थंड पाणी घालून, पिशवी कुस्करून, तोंडाने ओढून खावं लागे. अपोलो यानांत गरम पाणी आलं. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राहून परतत असताना नाताळच्या दिवशी तिघांसाठी एक वेगळं पाकीट ठेवलेलं होतं. त्यात टर्की आणि रस्सा, पाणी न काढलेला, तसाच ओला, चमच्याने खाण्याजोगा. वजनाचा ग्रॅम-ग्रॅम हिशोब करणाऱ्यांनी त्या दिवसापुरतं पाणी सोबत पाठवलं. त्या जेवणाने तिघे फार खूश झाले होते.

शेवटी थोडं आजचं, कारण तुमच्यापैकी काहींनी हे प्रश्न आधीच पाठवले आहेत. अमेरिकेत गेल्या दहा-बारा वर्षांत घरगुती फ्रीज-ड्रायर मिळायला लागले आहेत. एक घाणा पूर्ण व्हायला दिवसभर किंवा त्याहून जास्त लागतो आणि वीज चांगलीच खातो. आपल्याकडे कडक ऊन फुकट आहे. मेथी, कढीपत्ता, आमसुलं, टोमॅटोच्या फोडी यांसाठी ते पुरेसं आहे. विकतची गोठवून सुकवलेली भाजी आणाल तर तिच्यात मोजून पाणी घाला. बुडवून ठेवून वरचं पाणी फेकलंत तर चव आणि मीठ त्यासोबत जातं. ते पाणी आमटीत घ्या. मटार, मका थेट रश्श्यात टाकले तरी चालतात, पनीर आधी भिजवावं. मीठ शेवटी चाखून घाला, कारण विकतच्या पाकिटात ते बहुधा आधीच असतं. स्ट्रॉबेरी मात्र कोरडीच खा, भिजवली की लगदा होते. डब्यावर भरल्याची तारीख लिहा. आणि घरात महिनाभराचं कोरडं साठवलं असेल तर त्याच्या शेजारी किती लिटर पिण्याचं पाणी आहे आणि सिलिंडर संपला तर दुसरं काय आहे, तेही एकदा बघा. परदेशी गेलेल्या मुलांना पिठल्याच्या पाकिटांसोबत किलोभर जाड पोहे द्या. तिथल्या वसतिगृहात केटल बिघडली तरी ते होतात.

चुन्योबद्दल दोघांनी विचारलं आहे की तो आपल्याकडे करता येईल का. लडाखच्या थंडीत कोणी करून पाहायला हरकत नाही, पण आपले बटाटे कडू जातीचे नाहीत, त्यामुळे त्याची गरज आपल्याला कधी पडलीच नाही. बाकीचे प्रश्न आता घेऊ या.